थंडरबर्डमध्ये फीड अडकलंय, न्यूजलेटर पोचत नाही: तपासायला कुठून लागायचं

आरएसएस फीड (साइटवरच्या नव्या लेखांची आपोआप मिळणारी यादी) आणि न्यूजलेटर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये एकत्र वाचणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: परवापर्यंत येत होतं, आता येत नाही. त्यामागे निदान आठ-नऊ वेगवेगळी कारणं असू शकतात. लक्षण नीट पाहिलं तर त्यातली निम्मी तिथेच गळून पडतात, म्हणून आधी लक्षणं.

- एकाच साइटचं फीड थांबलंय, बाकीची चालू आहेत. दोष बहुधा साइटकडे किंवा फीडच्या पत्त्यात.
- सगळीच फीड एका दिवशी थांबली. दोष तुमच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये.
- लेख येतात, पण मधलेच गायब आहेत.
- वाचून झालेले जुने लेख पुन्हा नवे होऊन येतात, तेही एकदम दहा-वीस.
- शीर्षक दिसतं, पण लेख उघडल्यावर पान कोरं, किंवा देवनागरीच्या जागी चौकटी आणि भलतीच चिन्हं.
- न्यूजलेटर वेबमेलमध्ये आहे, थंडरबर्डमध्ये नाही. किंवा कुठेच नाही.

कशालाही हात लावण्याआधी एक काम करा. अकाउंट सेटिंग्जमध्ये फीडचं खातं निवडा, 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' उघडा आणि 'एक्सपोर्ट' दाबून ओपीएमएल फाइल ठेवून द्या. तुमच्या सगळ्या फीडचे पत्ते त्या एका फाइलीत येतात. पुढे काही बिघडलं तरी यादी पुन्हा हातानं गोळा करावी लागत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि लोक नेमकं हेच टाळतात.

बिनखर्चाचं, दोन मिनिटांत होणारं

खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं जोडणीचं चिन्ह पाहा. चुकून त्यावर क्लिक झालं की थंडरबर्ड 'ऑफलाइन' जातो. मग मेलही येत नाही आणि फीडही नाही, आणि तो त्याचा फारसा गाजावाजाही करत नाही. पुन्हा क्लिक केलं की काम झालं.

मग 'क्विक फिल्टर' पट्टी. तिथे 'अनरेड' किंवा तारांकित मेलचं बटण दाबलेलं राहिलं, आणि पिन लावलेली असली, तर तोच फिल्टर प्रत्येक फोल्डरवर लागू होतो. लेख आलेले असतात, तुम्हाला फोल्डर रिकामं दिसतं. कंट्रोल, शिफ्ट आणि के या कळांनी पट्टी उघडा आणि सगळी बटणं मोकळी करा.

तिसरी गोष्ट, फीडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'पॉज अपडेट्स'वर खूण आहे का ते बघा. खात्याच्या नावावर राइट क्लिक केलं की असाच 'पॉज ऑल अपडेट्स' दिसतो. प्रवासात डेटा वाचवायला लावलेली ही खूण नंतर काढायची राहून जाते.

यादीची मांडणीही तपासा. रकाना तारखेनुसार लावलेला असेल आणि साइटनं लेखावर चुकीची तारीख टाकली असेल, तर आज आलेला लेख कुठेतरी तळाशी जाऊन बसतो. मांडणी 'ऑर्डर रिसीव्हड' अशी करा. म्हणजे आला तो शेवटी, तारीख काहीही असो. फीडच्या फोल्डरांसाठी कायम हीच मांडणी ठेवावी असं माझं मत आहे.

पत्ता ब्राउझरमध्ये उघडून पाहा

सगळ्यात जास्त उत्तरं या एका तपासणीतून मिळतात. सबस्क्रिप्शनच्या खिडकीतून अडलेल्या फीडचा पत्ता कॉपी करा आणि ब्राउझरमध्ये टाका. दोष तुमच्याकडे की साइटकडे, हे इथेच ठरतं. तोपर्यंत सेटिंग्ज उलथीपालथी करण्यात अर्थ नाही.

टॅगांनी भरलेला मजकूर दिसला आणि वरच ताजा लेख असला, तर फीड धडधाकट आहे. दोष तुमच्या बाजूचा. तसाच मजकूर दिसला, पण वरचा लेखच महिन्यापूर्वीचा असला, तर साइटनं फीडमध्ये नवं काही टाकलेलंच नाही. तिथे थंडरबर्ड काय करणार? काही ब्राउझर फीड दाखवण्याऐवजी फाइल उतरवतात. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडा.

'पान सापडलं नाही' असं आलं, किंवा फीडऐवजी साइटचं मुखपृष्ठ उघडलं, तर पत्ता बदललाय.

'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी चौकट आली, तर साइटनं बॉट अडवणारी भिंत घातली आहे. ब्राउझर ती परीक्षा पास होतो, कारण त्याला जावास्क्रिप्ट चालवता येते. फीड आणायला गेलेल्या थंडरबर्डला ते जमत नाही, त्याच्या हाती ४०३ क्रमांकाचा नकार पडतो. तुमच्याकडून यावर उपाय नाही. फीडचा पत्ता त्या तपासणीतून वगळायला साइटच्या चालकांना सांगावं लागतं, आणि हा नियम त्यांना थोडक्या वेळात लावता येतो.

क्रोममध्ये कधी गुलाबी चौकटीत त्रुटीची ओळ येते: दुसऱ्या ओळीत सहाव्या अक्षरापाशी चूक, एक्सएमएलची (फीड ज्या भाषेत लिहितात तिची) घोषणा दस्तऐवजाच्या अगदी सुरुवातीलाच चालते. वर्डप्रेस या प्रणालीवर चालणाऱ्या साइटवर ही चूक फार पाहायला मिळते. थीमच्या किंवा प्लगिनच्या एखाद्या पीएचपी फाइलीत, सुरुवातीच्या टॅगच्या आधी किंवा शेवटच्या टॅगनंतर, एक रिकामी ओळ राहिलेली असते. ती फीडच्या आधी छापली जाते, घोषणा पहिल्या ओळीवरून दुसरीवर सरकते आणि अख्खं फीड बाद ठरतं. साइट ब्राउझरमध्ये मात्र व्यवस्थित दिसत राहते, कारण एचटीएमएलला एका रिकाम्या ओळीनं काही होत नाही. त्यामुळे साइटवाल्यांना पत्ताच नसतो. त्यांना नुसतं 'फीड चालत नाही' असं कळवू नका. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या मोफत फीड तपासणी सेवेत पत्ता टाका आणि तिथे येणारा ओळीचा क्रमांक त्यांना पाठवा.

शीर्षकात उघडं राहिलेलं '&' हे चिन्हही असाच घात करतं. एक्सएमएलमध्ये ते सांकेतिक रूपातच लिहावं लागतं. हातानं बनवलेल्या फीडमध्ये 'कला & संस्कृती' असं एक शीर्षक आलं की सगळं फीड अडतं. तो लेख फीडमधून बाहेर पडला की ते आपोआप चालू होतं, म्हणून 'कधी येतं, कधी येत नाही' असं वाटत राहतं.

पत्ता बदलला असेल तर

मराठी ब्लॉग वाचणाऱ्यांसाठी एक जुनं दुखणं आधी सांगतो. ब्लॉगर ही गूगलची ब्लॉगसेवा भारतातल्या वाचकांना काही वर्षं डॉट कॉमऐवजी 'ब्लॉगस्पॉट डॉट इन'वर वळवत असे, म्हणजे पत्त्याचा शेवट बदलत असे. अनेकांनी त्या काळात तोच पत्ता फीड म्हणून घेतला. २०२० मध्ये ते डोमेन गूगलच्या हातून गेलं आणि त्यावरची फीड मेली. ब्लॉग मात्र जिवंत आहेत. पत्त्यातलं 'इन' काढून 'कॉम' करा आणि 'अपडेट' दाबा. शेवटचे काही लेख दुसऱ्यांदा येऊ शकतात, ते पुसून टाका. जुन्या यादीतले असे सगळे पत्ते एका बैठकीत बदलायचे तर ओपीएमएल फाइलीची प्रत साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून शोधा-आणि-बदला करता येतं. मग ती फाइल 'इम्पोर्ट' करायची.

गूगलच्या फीडबर्नर या सेवेमार्फत ब्लॉगचे लेख मेलनं मिळायचे, ती सोय जुलै २०२१ पासून बंद झाली. ते मेल थांबले असतील तर स्पॅममध्ये शोधू नका, ब्लॉगचं मूळ फीड थंडरबर्डमध्ये लावा. ब्लॉगरच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे स्लॅश फीड्स, स्लॅश पोस्ट्स, स्लॅश डीफॉल्ट (अर्थात इंग्रजीत) लिहिलं की ते मिळतं. वर्डप्रेसवर आणि सबस्टॅकवर नुसतं स्लॅश फीड पुरतं.

इतर साइटवर पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा, म्हणजे पानाचा मूळ कोड दिसेल. त्यात 'आरएसएस' आणि मग 'ॲटम' (हा फीडचाच दुसरा प्रकार) ही इंग्रजी अक्षरं शोधा. साइटला फीड असेल तर बहुधा त्याच ओळीत पूर्ण पत्ता सापडतो. साइटवर फीडचं नारिंगी चिन्ह नसलं म्हणजे फीडही नाही, असं मुळीच नाही. फायरफॉक्सनं २०१८ मध्ये फीडची सोय काढून टाकल्यापासून अनेक साइटनी चिन्ह काढलं. फीड मात्र मागे तसंच चालू राहिलं.

मधले लेख गायब होतात

हा दोष सगळ्यात उशिरा लक्षात येतो, आणि सगळ्यात जास्त नुकसानही त्यातच होतं, म्हणून इथे जरा थांबू या.

फीड म्हणजे साइटचा संपूर्ण साठा नव्हे. ती शेवटच्या काही लेखांची सरकती खिडकी आहे. वर्डप्रेस मुळात १० लेख देतो, ब्लॉगर २५, यूट्यूबच्या चॅनलचं फीड १५ व्हिडिओ. अकरावा लेख आला की पहिला खिडकीबाहेर जातो. तो थंडरबर्डनं तोपर्यंत उचलला नसेल तर पुन्हा कधीच येत नाही. मेल सर्व्हरवर तुमची वाट बघत थांबतं, फीड थांबत नाही. दोन्ही एकाच खिडकीत दिसतात म्हणून हा फरक विसरायला होतो.

हिशेब करून बघा. एखादी बातम्यांची साइट दिवसा तासाला ३ लेख टाकते. घरचा संगणक सकाळी ९ ते संध्याकाळी ७ बंद. १० तासांत ३० लेख आले, फीडमध्ये उरले शेवटचे १०. संध्याकाळी थंडरबर्ड उघडल्यावर १० मिळाले, २० कायमचे गेले. वाचणाऱ्याला वाटतं, आज साइटवर एवढंच होतं.

उपाय सोपे आहेत. पहिला, अख्ख्या साइटऐवजी हव्या त्या विभागाचं फीड घ्या. वर्डप्रेसमध्ये विभागाच्या पानाच्या पत्त्यापुढेही स्लॅश फीड चालतं, आणि १० लेखांची खिडकी मग एकाच विभागाला मिळते. दुसरा, तपासणीचा वेळ. थंडरबर्ड फीडसाठी मुळात १०० मिनिटांचं अंतर ठेवतो. बातम्यांच्या फीडला ते ३० मिनिटं करा. बाकीच्या फीडला १०० मिनिटं पुरतात, आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्या ब्लॉगला दिवसातून एकदाही पुष्कळ. सगळ्यांना ५ मिनिटं लावू नका. काही साइट ४२९ क्रमांकाचं उत्तर देऊन, म्हणजे 'फार वेळा विचारता' असं म्हणून, तुम्हालाच अडवतात.

संगणक बराच काळ बंद राहात असेल तर मात्र अंतर कमी करून काही साधत नाही. तेव्हा सतत चालू राहणाऱ्या सर्व्हरवरचा, फीड वाचणारा प्रोग्रॅम हवा. फीडली किंवा स्वतःच्या होस्टिंगवर बसवलेलं फ्रेशआरएसएस तुमच्या गैरहजेरीत लेख उचलून ठेवतं. आणि साइट तुमची स्वतःची असेल तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली तो १० चा आकडा ३० करा. वाचकांवर उपकार होतील.

जुनेच लेख पुन्हा, आणि उलटसुलट तारखा

प्रत्येक लेखाला फीडमध्ये एक कायमची ओळख असते. तिचं नाव जीयूआयडी. फीड वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ती ओळख नवी दिसली की लेख नवा. साइट नव्या डोमेनवर गेली, किंवा एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जाताना डेटाबेसमधले सगळे पत्ते सरसकट बदलले, तर ओळखीही बदलतात आणि जुने लेख एकदम नवे होऊन येतात. हे एकदाच झालं तर सगळे 'वाचले' करून पुढे जा. रोज होत असेल तर फीड बनवणारी प्रणाली दर वेळी नवी ओळख तयार करते आहे. ते साइटवाल्यांनीच दुरुस्त करायचं.

तारखेचा ठराविक नमुना आहे: इंग्रजी महिन्याची तीन अक्षरं आणि शेवटी वेळेचा फरक, भारतासाठी अधिक ०५३०. काही भारतीय साइट तिथे 'आयएसटी' लिहितात. ती तीन अक्षरं त्या नमुन्यात बसत नाहीत, आणि आयर्लंड नि इस्रायलही आपल्या वेळेला तीच वापरतात. मराठीत चालणाऱ्या साइटनं फीडचा साचा हातानं लिहिला असेल तर महिनाही 'मार्च' असा देवनागरीत येऊ शकतो. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला तो कळत नाही. लेख तळाला जाऊन बसतात ते यामुळेच.

कोरं पान आणि बिघडलेली अक्षरं

कोरं पान दिसलं तर 'व्ह्यू' मेनूतून 'फीड मेसेज बॉडी ॲज' उघडा आणि 'वेब पेज'ऐवजी 'समरी' निवडा. 'वेब पेज'मध्ये थंडरबर्ड साइटचं पान थेट उघडायला जातो आणि आजकालची बरीच पानं त्यात उमटतच नाहीत. 'समरी'मध्ये फीडमधला मजकूर दिसतो. साइट पूर्ण लेख फीडमध्ये देत असेल तर अख्खा लेखच तिथे मिळतो, जाहिरातींशिवाय.

देवनागरीच्या जागी भलती लॅटिन अक्षरं येत असतील, तर मजकूर यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) आहे आणि फीडनं स्वतःची ओळख दुसऱ्याच एन्कोडिंगची सांगितली आहे. तुमच्याकडे फॉन्ट बसवून हे सुटत नाही. नुसत्या रिकाम्या चौकटी दिसल्या तर मात्र फॉन्टच नाही. तिथे देवनागरी युनिकोड फॉन्ट बसवला की झालं.

सगळीच फीड एकदम थांबली असतील

आधी संगणकाचं घड्याळ बघा. तारीख चुकली की प्रत्येक साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं ठरतं आणि जोडणी नाकारली जाते. जुना डेस्कटॉप दर वेळी बंद केल्यावर काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

घड्याळ बरोबर असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहा. त्यावर फीड आली तर दोष घरच्या राउटरमध्ये किंवा ऑफिसच्या प्रॉक्सीत (इंटरनेटची जोडणी ज्यातून जाते त्या मधल्या सर्व्हरमध्ये). नाही आली तर अँटिव्हायरसमधली सुरक्षित जोडण्या तपासण्याची सोय फक्त दहा मिनिटं बंद करून बघा आणि लगेच परत चालू करा. थंडरबर्डनं प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला तर 'अपवाद म्हणून मान्य करा' हे बटण दाबू नका. अडचण सुटल्यासारखी वाटते, पण मधला कुणीही तुमचा मजकूर वाचू शकेल अशी वाट उघडी राहते.

न्यूजलेटरसाठी वेगळी वाट

वेबमेलमध्ये आहे, थंडरबर्डमध्ये नाही, असं असेल तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'लेबल्स' उघडा. न्यूजलेटर ज्या लेबलात जातं त्यासमोर 'शो इन आयमॅप'ची खूण हवी (आयमॅप म्हणजे थंडरबर्ड ज्या मार्गानं जीमेलमधलं मेल वाचतो तो). ती नसेल तर ते लेबल थंडरबर्डला दिसतच नाही. शेजारच्या फॉरवर्डिंग आणि आयमॅपच्या पानावर फोल्डरमधल्या मेलची संख्या १००० वगैरे मर्यादित केलेली नाही ना, तेही पाहा.

कुठेच नसेल तर वेबमेलमध्ये 'प्रमोशन्स' आणि 'स्पॅम' शोधा. जीमेल स्पॅम ३० दिवसांनी पुसतं, म्हणून आजच. सापडलं तर 'स्पॅम नाही' करा आणि त्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यासाठी 'स्पॅममध्ये कधीच पाठवू नका' असा फिल्टर लावा. थंडरबर्डमधला फिल्टर इथे उपयोगाचा नाही, कारण मेल तिथवर पोचण्याआधीच बाजूला पडलेलं असतं.

तिथेही नसेल तर साठा बघा. गूगलचे मोफत १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. ते भरले की मेल परत जातात. न्यूजलेटर पाठवणाऱ्या सेवा वारंवार परत येणारा पत्ता आपल्या यादीतून बाजूला काढतात. पुढे तुम्ही जागा मोकळी केलीत तरी न्यूजलेटर सुरू होत नाही. नव्यानं नोंदणी करा, खात्रीचं मेल स्पॅममध्ये शोधा आणि त्यातला दुवा दाबा. तरीही आलं नाही तर पाठवणाऱ्याला लिहून तुमचा पत्ता अडवलेल्या यादीतून काढायला सांगा.

शेवटचा भाग कापला जात असेल तर ते जीमेलच्या वेबमेलचं काम. १०२ केबीपेक्षा मोठं मेल ते अर्ध्यावर तोडतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, इंग्रजी अक्षर १, त्यामुळे मराठी न्यूजलेटर ही मर्यादा लवकर गाठतं. थंडरबर्डमध्ये तेच मेल पूर्ण दिसतं.

एवढ्यानंही नाही जमलं तर

फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'रिपेअर फोल्डर'. यानं फोल्डरची अनुक्रमणिका नव्यानं तयार होते. एका शीर्षकावर क्लिक केल्यावर दुसराच लेख उघडत असेल तर हाच उपाय. तिथेच 'रिटेन्शन पॉलिसी' पाहा, जुने लेख आपोआप पुसायचा नियम लागलेला असू शकतो.

त्यापुढचं पाऊल म्हणजे फीडचं खातं काढून नवं करणं. त्याआधी 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्डचं सगळं मेल आणि सेटिंग्ज असलेलं फोल्डर) उघडा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि सगळं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मग नवं फीड खातं आणि सुरुवातीला ठेवलेली ओपीएमएल फाइल. खातं काढलं की साठवलेले जुने लेख जाऊ शकतात, म्हणून हवे ते आधी 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करून घ्या.

इथे थांबा

प्रोफाइल फोल्डर कॉपी होताना वाचनाची त्रुटी आली, किंवा डिस्क कटकट वाजत असेल, तर संगणक बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. त्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न केले तर उरलेलंही जातं, आणि त्याच फोल्डरात तुमचं सगळं मेल आहे. ऑफिसच्या प्रॉक्सीत किंवा प्रमाणपत्रात अडचण असेल तर ऑफिसच्या आयटी विभागाला सांगा, स्वतः पळवाट काढू नका. दोष साइटच्या फीडमध्ये असेल तर तुमच्या संगणकावर कुणालाही पैसे देऊन काही दुरुस्त होणार नाही. साइटच्या तांत्रिक माणसाला फीडचा पत्ता, त्रुटीची ओळ आणि ती कधी दिसली ती तारीख पाठवा. आणि दुरुस्तीसाठी कुणी मेलचा पासवर्ड मागितला तर तो देऊ नका. यातल्या एकाही दुरुस्तीला दुसऱ्या माणसाला तुमचा पासवर्ड लागत नाही.